रीफ टाकीतले क्लीनर मासे : निऑन गोबी, क्लीनर रॅस आणि नाशिकचं हवापाणी

गोदाकाठ

खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांवर पांढरे ठिपके दिसले की पहिला सल्ला मिळतो तो "एक क्लीनर आणून सोडा" हा. या सल्ल्याने दोन्हीकडून मासे जातात. आजारी असतात ते उपचाराविना, आणि नवा आणलेला क्लीनर उपासमारीने. म्हणून हा धागा काढतोय. साधारण २०० लिटरची, मऊ प्रवाळांची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ एकत्र असलेली) डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

आधी नावाचा घोळ मिटवू. क्लीनर म्हणजे टाकी साफ करणारा मासा नव्हे. गोड्या पाण्यातला सकर काच चाटतो, तसं काम हे मासे करत नाहीत. ते इतर माशांच्या अंगावरचे परजीवी, मेलेली त्वचा आणि त्वचेवरचा चिकट स्राव खातात. काचेवरच्या शेवाळासाठी ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी घ्या.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात.

क्लीनर रॅस, म्हणजे लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. हिंदी आणि प्रशांत महासागरातला मासा. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारच्या आखातातही आहे, त्यामुळे स्वस्तात आणि सहज मिळतो. १४ सेंमीपर्यंत वाढतो. विकला जातो तो जवळजवळ नेहमीच समुद्रातून पकडलेला असतो.

निऑन गोबी, म्हणजे इलॅकॅटिनस प्रजातीतले छोटे मासे. फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागातले, जेमतेम ५ सेंमीचे. काळ्या अंगावर निळी किंवा पिवळी झळकती रेघ. यांची टाकीतली पैदास १९७०च्या दशकापासून व्यापारी प्रमाणावर होते आहे, त्यामुळे गोळी खायला शिकलेलं पिल्लू मिळू शकतं. किंमत रॅसपेक्षा जास्त.

माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो : घरच्या टाकीत निऑन गोबी ठेवा, क्लीनर रॅस ठेवू नका. कारण पोटाचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळ संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या मोजणीत एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी १२००हून जास्त परजीवी खातो असं दिसलं, आणि त्यातले बहुतांश नॅथिइड नावाच्या बारीक समुद्री किड्यांची पिल्लं होती. हे किडे तळातून वर येतात, माशाचं रक्त पिऊन परत तळाशी जातात. आपल्या टाकीत ते नसतात, आणि नसावेतच. मग रॅसला उरतो तो माशांच्या अंगावरचा चिकट स्राव, जो त्याला तसाही परजीवींपेक्षा अधिक आवडतो. चार-पाच मासे, आणि दिवसभर त्यांच्या मागे लागलेला एक भुकेला रॅस. आधी टँग आणि एंजलसारखे मोठे मासे कोपऱ्यात दडून बसतात, मग त्यांच्या अंगावर ओरखडे दिसतात, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत रॅसही खंगून जातो.

सातपूर_रीफ

छान सुरुवात. पण मुळातला प्रश्न राहिला. टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आहेत. निऑन गोबी ते खाईल की नाही?

खारं_पाणी

नाही खाणार. कारण कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते ठिपके म्हणजे मरीन इच, क्रिप्टोकॅरियन इरिटन्स. हा एकपेशीय जीव माशाच्या वरच्या त्वचेच्या *आत* घुसून बसतो. आपल्याला दिसतो तो त्याच्यावरचा फुगवटा. क्लीनरला तो तोंडाने उचलता येत नाही. गोबी ठिपक्याजवळ टोचताना दिसतो तेव्हा तो सैल झालेली त्वचा आणि स्राव खात असतो.

जीवनचक्र असं. माशावर ३ ते ७ दिवस. मग तो गळून पडतो, वाळूवर, दगडावर किंवा काचेवर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात शेकडो पिल्लं तयार होतात. कवच लवकरात लवकर ३ दिवसांनी फुटतं, पण काही फार रेंगाळतात. सर्वांत उशिराची नोंद ७२ दिवसांची आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक : ठिपके आपोआप गेले म्हणजे आजार गेला असं नाही, तो तळाशी गेलेला असतो. नेमकं याच वेळी क्लीनर सोडलेला असतो आणि श्रेय त्याला मिळतं. गैरसमज टिकून राहण्याचं मोठं कारण हेच. दोन : सगळे मासे काढून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना चालवायची. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी आत राहू द्या, त्यांना हा आजार होत नाही. मासे तेवढ्या काळात क्वारंटाइन टाकीत औषधावर.

सातपूर_रीफ, तुमच्या टँगला आत्ता तांब्याचं औषध लागेल, गोबी नव्हे. श्वास जलद चालत असेल, ठिपके पिठासारखे बारीक असतील आणि मासा वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड करून उभा राहत असेल, तर तो इच नसून व्हेल्वेट नावाचा दुसरा परजीवी आजार असू शकतो. त्यात दोन दिवसही थांबू नका.

निळी_रेघ

खरेदीबद्दल. नाशिकमध्ये क्लीनर मासे बहुधा मुंबईहून, कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटकडून मागवले जातात. घेताना हे बघा :

तोंड कुठे आहे? क्लीनर रॅसचं तोंड थेट पुढे, नाकाच्या टोकाला असतं. ॲस्पिडाँटस टीनिएटस नावाचा एक ब्लेनी हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो, पण त्याचं तोंड खालच्या बाजूला, शार्कसारखं असतं, आणि पाठीचा पर जवळजवळ डोक्यापासून सुरू होतो. हा नकली क्लीनर इतर माशांचे पर तोडून खातो. निळ्या पट्ट्यांचा फँगब्लेनी तर रॅसच्या पिल्लाची नक्कल करतो. पुष्कळ मासे एकत्र ठेवलेल्या दुकानातल्या टाकीत हे तिघे मिसळलेले असू शकतात.

पोट आणि डोकं बघा. बाजूने मासा ठीक वाटतो, म्हणून समोरून बघा. डोळ्यांच्या वरचा भाग खोलगट आणि डोक्यामागची पाठ सुरीसारखी धारदार दिसली तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे. सहसा परत येत नाही.

खाऊन दाखवायला सांगा. पैदास केलेला निऑन गोबी दुकानात बारीक गोळी किंवा मायसिस (कोळंबीसारखे बारीक गोठवलेले जीव) लगेच उचलतो. काचेला चिकटून जोरात श्वास घेणारा, रेघ फिकट झालेला घेऊ नका.

दुकानाच्या पाण्याची क्षारता स्वतःच्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. ती अनेकदा मुद्दाम कमी, १.०१८ ते १.०२० (विशिष्ट गुरुत्व) ठेवलेली असते. घरच्या १.०२६मध्ये थेट सोडलं तर छोटा मासा दोन-तीन दिवसांत जातो आणि कारण कळतच नाही. क्वारंटाइनचं पाणी दुकानाच्या क्षारतेला जुळवून ठेवा, मग रोज ०.००२ने वाढवा. उतरवणं त्या मानाने सोपं जातं, चढवताना घाई नको.

कसारा घाटातून चार-पाच तासांचा प्रवास असतो. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात. मे महिन्यात बर्फाची छोटी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पिशवीला थेट लागू देऊ नका.

घरी आल्यावर पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवा आणि मासा लगेच हलवा. तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसणं इथे घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडल्यावर वेळ घालवायचा नाही. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पंचवटीकर

नाशिकच्या पाण्याबद्दल माझ्याकडून.

घरचा पिण्याचा आरओ रीफसाठी चालत नाही, निदान आहे तसा नाही. त्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, चव यावी म्हणून. तो पूर्ण बंद करा. मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज असेल तर काढा. त्यानंतरही टीडीएस २०-३० राहतो, म्हणून शेवटी डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) कार्ट्रिज लावा आणि मीटरवर ० येईपर्यंत ते पाणी वापरू नका. रेझिन रंग बदलणारं घ्या, संपत आलेलं डोळ्यांना दिसतं.

गंगापूर धरणाचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं. सेडिमेंट फिल्टर जून ते सप्टेंबर महिन्याला बदला, एरवी तीन महिन्यांनी. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात, तेव्हा टीडीएस एकदम चढतो आणि रेझिन निम्म्या वेळात संपतं. त्या दिवसांत आठवड्याला मोजा.

मीठ : १.०२६साठी लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे. आधी पाणी, मग मीठ. उलट केलंत तर कॅल्शियम खाली बसून पाणी दुधासारखं होतं. रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर नव्हे, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवा.

तापमान २५ ते २७. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असतं तेव्हा चिलर नसला तरी आपल्या कोरड्या हवेचा फायदा घ्या. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावले की बाष्पीभवनाने २ ते ४ अंश उतरतात. त्यासोबत २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ३-४ लिटर पाणी उडतं, म्हणून ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) हवाच, नाहीतर संध्याकाळपर्यंत क्षारता चढते. वर भरायचं ते साधं आरओ-डीआय पाणी, खारं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत दमटपणा असतो, पंख्याचा परिणाम जवळजवळ संपतो, पण तेव्हा गरजही कमी असते.

थंडीत उलटी गत. नाशिकचा पारा १०च्या खाली जातो. २०० वॅटचा एक हीटर लावण्यापेक्षा १०० वॅटचे दोन लावा आणि दोन्ही वेगळ्या कंट्रोलरवर घ्या. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटून चालूच राहिला तर २०० वॅट सगळी टाकी शिजवतात. १०० वॅटमध्ये तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

गोदाकाठ

पंचवटीकर, अगदी नेमकं. थोडी भर : पंख्यांसाठी झाकण काढून ठेवलं जातं आणि मासा जमिनीवर सापडतो. रॅस तर उड्या मारतोच, गोबीही रात्री घाबरला की उडतो. ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीत ६ मिमीची पारदर्शक जाळी बसवून घ्या. हवा जाते, मासा जात नाही. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या खणाच्या) दातांमधल्या फटी गोबीसाठी रुंद असतात, तिथेही जाळीचा तुकडा लावा. वेव्हमेकरच्या तोंडावर भरड स्पंज, आठवड्याला धुऊन.

प्रवाळवेडा

थोडा विरोध नोंदवतो. क्लीनर रॅस ठेवूच नका हे सरसकट म्हणणं पटत नाही. ६०० लिटरच्या पुढची टाकी, त्यात १२-१५ मोठे मासे आणि दिवसातून पाच-सहा वेळा खाणं असेल तर तो वर्षानुवर्षं राहतो. मायसिस आणि गोळी खाणारा रॅस असतो, फक्त तो दुकानातच ओळखून घ्यावा लागतो.

गोदाकाठ

राहतो, हे मान्य. पण त्या वाक्यातल्या अटी बघा. दिवसातून पाच-सहा वेळा म्हणजे नोकरी करणाऱ्यासाठी ऑटोफीडर आलाच, आणि तो गोठवलेलं खाणं देत नाही. शिवाय समुद्रात हा मासा कळपाने नव्हे, कुटुंबाने राहतो : एक नर, त्याच्या बरोबरच्या काही माद्या, आणि नर मेला की सर्वांत मोठी मादी नर होते. त्यांच्या ठिकाणावर दिवसभर माशांची रांग लागलेली असते. एका रीफवरून तो उचलला की तिथल्या माशांचं नुकसान होतं, आणि इथे त्याचं. हे सगळं माहीत असून मोठ्या टाकीत कोणी जबाबदारीने ठेवत असेल तर माझी हरकत नाही. नव्या माणसाला मात्र मी नाहीच सांगेन.

हवाईचा पिवळा-जांभळा क्लीनर रॅस, लॅब्रॉइडिस थायरोफॅगस, फोटोत सुंदर दिसतो, पण तो याहूनही अवघड. तो कोणत्याच टाकीसाठी मागवू नका.

प्रवाळवेडा

हवाईच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. आणि ऑटोफीडरचा मुद्दाही मान्य.

सिडको_सागर

खाण्याबद्दल कोणी नीट लिहील का? गोबी मायसिस तोंडात घेतो आणि थुंकतो.

खारं_पाणी

तुकडा मोठा आहे. ५ सेंमीच्या गोबीचं तोंड २ मिमीचा तुकडा घेतं. मायसिस आरओच्या पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीत धुवा आणि ब्लेडने १-२ मिमीचे तुकडे करा. ०.५ मिमीची बुडणारी गोळी, सायक्लॉप्स (सूक्ष्म पाणजीव) आणि माशाची बारीक अंडी ही तिन्ही चालतात. दिवसातून दोनदा, शक्यतो तीनदा. पंप पाच मिनिटं थांबवा, ड्रॉपरने गोबीच्या बसायच्या जागेपाशी सोडा. तो पाण्यात धावून खाणारा मासा नाही, दगडावर बसून येणारं टिपतो.

घरी करायचं खाणं, कारण बाजारच्या गोठवलेल्या पाकिटात पाणीच जास्त असतं :

तिसऱ्यांचा गर १०० ग्रॅम, सोललेली करंदी १०० ग्रॅम, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दोन पानं. तिसऱ्या आणि करंदी आधी उणे १८ अंशांवर आठवडाभर गोठवा, मग वितळवून आरओच्या पाण्यात तीनदा धुवा. मिक्सरमध्ये फक्त दोन-तीन झटके द्या. वाटण नको, बारीक कण हवेत. १०० मिली आरओ पाण्यात २ ग्रॅम चायना ग्रास दोन मिनिटं उकळा, हाताला सोसवेल इतपत कोमट झालं की मिश्रण घाला, माशांच्या व्हिटॅमिनचे थेंब घाला, झिप पाऊचमध्ये २ मिमी जाडीचा थर करून गोठवा. जिलेटिन वापरू नका, कोमट पाण्यात ते मऊ पडून सुटतं आणि पाणी गढूळ होतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी१ नष्ट करतं. म्हणून फक्त तिसऱ्यांवर मासा ठेवू नका, गोळी आणि मायसिस आलटून-पालटून द्या. आणि सुका जवळा देऊ नका, त्याची कडक टोकं गोबीच्या घशात अडकू शकतात.

नुकता आलेला, काहीच न खाणारा मासा असेल तर जिवंत आर्टेमिया (ब्राइन श्रिंपची पिल्लं). १ लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, १ ग्रॅम अंडी, २७-२८ अंश, वर प्रकाश आणि जोरात हवा. २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद केली की कवचं वर आणि पिल्लं खाली जमतात, खालून नळीने काढा. कवचं टाकीत जाऊ देऊ नका. ताजी निघालेलीच द्या, दिवसभर ठेवलेल्यांतली पोषकता बरीच कमी झालेली असते. ठेवायची असतील तर फॅटी ॲसिडच्या द्रावणात १२ तास खाऊ घालून मग द्या.

जो रॅस आधीच घरात आहे आणि काही खात नाही त्याच्यासाठी : तिसरी उघडून अर्ध्या शिंपल्यात तसाच गर ठेवा, किंवा वरचं मिश्रण थोडं प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यासारख्या खडबडीत सिरॅमिकवर थापून गोठवा आणि टाकीत ठेवा. पृष्ठभागावरून टोचून खाणं ही त्याची सवय आहे, तरंगता तुकडा त्याला खाणं वाटत नाही. दोन तासांनी उरलेलं काढून टाका.

निळी_रेघ

तिसऱ्यांचा शिंपला निऑन गोबीलाही चालतो, आणि त्यावरून गोबी खातो की नाही हे नेमकं दिसतं. गर्दीच्या टाकीत क्लाउनफिश सगळं पळवतात आणि मालकाला वाटतं गोबी खातोय.

सातपूर_रीफ

गोबीला क्वारंटाइन करायची खरंच गरज आहे का? पैदास केलेला आहे म्हणतात.

खारं_पाणी

पैदास केलेला असला तरी दुकानात तो इतर माशांच्या पाण्यात राहिलेला असतो. आणि क्लीनर म्हणून तोच सगळ्यांच्या अंगाला लागणारा मासा. त्याला आत सोडताना तर जास्तच काळजी हवी.

छोट्या माशांना माझी पसंती टाकी-बदल पद्धतीला. औषध नाही, फक्त वेळापत्रक. कवच ३ दिवसांआधी फुटत नाही, म्हणून ७२ तास पूर्ण व्हायच्या आत मासा नव्या टाकीत हलवला की गळून पडलेले सगळे मागे राहतात. पहिला दिवस, मग चौथा, सातवा, दहावा आणि तेरावा. चार बदल झाले की माशावरचा शेवटचा इचही गळून मागे राहिलेला असतो.

लागतं ते : २५ लिटरचे दोन फूडग्रेड टब, दोन ५० वॅटचे हीटर, दोन एअरस्टोन, पीव्हीसी एल्बो अर्ध्या इंची. नाशिकच्या मेन रोडवर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, शिक्के-शाई घासून काढा. प्रत्येक वेळी २० लिटर पाणी, पाच वेळा मिळून १०० लिटर, म्हणजे साधारण पावणेचार किलो मीठ. एका टबातली कोणतीच वस्तू दुसऱ्यात जात नाही, जाळीही नाही. रिकामा टब आणि सगळं सामान गोड्या पाण्याने धुऊन किमान २४ तास पूर्ण कोरडं. मासा प्लास्टिकच्या छोट्या डब्यात पकडा, सोबत पाणी कमीत कमी. ३ दिवसांत २० लिटरमध्ये अमोनिया धोक्याच्या पातळीला सहसा जात नाही, तरी अमोनिया वाढला की रंग बदलणारा बिल्ला चिकटवून ठेवा.

ही पद्धत व्हेल्वेट आणि कृमी काढत नाही. कृमींसाठी प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, ५ ते ७ दिवसांनी पुन्हा. व्हेल्वेटची शंका असेल तर तांबं.

तांब्याची मात्रा औषधाच्या प्रकारावर ठरते आणि इथेच सर्वाधिक मासे जातात. क्युप्रामीनसारखं आयनिक तांबं ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. कॉपर पॉवरसारखं चिलेटेड २.० ते २.५. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर एक तर मासा मरेल, नाहीतर आजार राहील. पूर्ण मात्रा चार-पाच दिवसांत चढवा, पूर्ण पातळीवर आल्यापासून ३० दिवस मोजा. रंग बघून मोजायच्या बाटल्यांपेक्षा डिजिटल कॉपर चेकर घ्या. त्या टाकीत दगड, वाळू, कार्बन काही नको, ती तांबं शोषतात. आणि तांबं असताना क्लोरीन-अमोनिया मारणारी कंडिशनर द्रव्यं टाकू नका, तांब्याशी क्रिया होऊन ते विषारी होतं.

पंचवटीकर

तांबं एकदा पडलेला टब, पंप, होस पुन्हा रीफला लावू नका. लाल टेपने खूण करून ठेवा. कोळंबी आणि गोगलगायींना त्याचा अंशही पुरतो.

सिडको_सागर

कोळंबीचा विषय निघालाच आहे तर, क्लीनर श्रिंप चालेल का गोबीऐवजी?

निळी_रेघ

चालेल, आणि खूप टाक्यांत तोच अधिक टिकाऊ पर्याय आहे. लाल पाठीवर पांढरी रेघ असते तो, लिस्माटा ॲम्बोइनेन्सिस. पडलेलं सगळं खातो, त्यामुळे उपाशी राहत नाही. पण तोही इच बरा करत नाही. क्षारतेतला बदल त्याला माशापेक्षा जास्त लागतो, म्हणून याला मात्र तासभर थेंब पद्धतीने जुळवायचं. कात टाकलेली दिसली की "मेला" म्हणून घाबरू नका, रिकामं कवच असतं, तसंच राहू द्या. हॉकफिश, ट्रिगर आणि मोठे रॅस असतील तर तो खाल्ला जातो. गोबी आणि श्रिंप एकत्र छान राहतात.

प्रवाळवेडा

गोबीची जोडी ठेवावी की एकच? १२० लिटर आहे.

गोदाकाठ

एक किंवा जमलेली जोडी. कुठलेही दोन उचलून आणले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो, दबलेला खात नाही. बाहेरून नर-मादी ओळखणं कठीण आहे. दुकानात एकाच नळीत शेजारी बसणारे दोन दिसले तर तीच जोडी घ्या. नाहीतर मोठ्या टाकीत चार-पाच पिल्लं वाढवून जोडी जमली की बाकीची इतरांना द्या.

जोडी जमली की अर्ध्या इंची पीव्हीसीच्या ४-५ सेंमी तुकड्यात अंडी घालतात. नर राखण करतो. साधारण आठवड्याने पिल्लं निघतात, दिवे गेल्यावर. मुख्य टाकीत ती वाचत नाहीत, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पंप संपवतात. वाढवायची असतील तर पहिल्या दिवसापासून रोटिफर (अतिसूक्ष्म पाणजीव) हवेत, म्हणजे रोटिफरची आणि त्यांच्या शैवालाची बरणी आधी दोन आठवडे तयार असली पाहिजे. आर्टेमिया त्यानंतर. महिन्याच्या आसपास रेघ उमटते आणि पिल्लं तळाला बसायला लागतात.

आयुष्य छोटं असतं हे लक्षात ठेवा. विकत घेतानाच पूर्ण वाढलेला असेल तर दोन वर्षांत म्हातारपणाने जाऊ शकतो, त्यात तुमची चूक नसते.

सातपूर_रीफ

दगडांबद्दल एक. कोकणातून जिवंत दगड (समुद्रातले, जीवजंतू असलेले) आणून देतो असं एक जण म्हणतोय.

पंचवटीकर

घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि किनाऱ्यावरून उचललेल्या दगडात ते असू शकतात. शिवाय त्यावर इचची कवचंही येऊ शकतात. सिरॅमिक किंवा सिमेंटचा कोरडा रीफ दगड घ्या, बाटलीतले जिवाणू घाला, अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेऊन तो २४ तासांत शून्यावर येईपर्यंत मासा नको. सहा आठवडे धरून चाला. गोबी त्यानंतरही महिनाभराने, दगडावर बारीक जीव दिसू लागल्यावर.

सिडको_सागर

वीज गेली तर? आमच्याकडे वादळी पावसात दोन-तीन तास जाते.

खारं_पाणी

गोबीला फार प्राणवायू लागत नाही, टँगला लागतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गरम होऊन गुणगुणतात. त्यावर फक्त वेव्हमेकर घ्या, १०-१५ वॅट. हीटर, चिलर, दिवे नकोत. १५० एएचच्या बॅटरीवर एवढा भार रात्रभर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप ठेवा. वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, लाटा उठल्या की प्राणवायू मिळतो. रिटर्न पंप बंद पडल्यावर किती पाणी सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) उतरतं ते आधीच एकदा प्लग काढून तपासा आणि सम्पवर खुणेची रेघ मारा.

सातपूर_रीफ

टँग आजपासून तांब्यात. क्लाउन आणि डॅमसेलही काढले. मुख्य टाकीत आता फक्त श्रिंप आणि मऊ प्रवाळ. ७६ दिवस त्यांना काय घालू?

खारं_पाणी

श्रिंपला दोन दिवसांतून एकदा मायसिसचे दोन तुकडे, चिमट्याने थेट हातात. तिसऱ्यांचं मिश्रण या काळात नको, मासे नसल्याने उरतं आणि फॉस्फेट चढतं. जिवाणू टिकावेत म्हणून आठवड्यातून एकदा चिमूटभर गोळी टाकीत सोडा. तापमान २७ ठेवा. दोन्ही टाक्यांमध्ये तीन मीटर अंतर ठेवा, ओले हात आणि जाळी एकातून दुसऱ्यात नको, आणि रोज आधी मुख्य टाकीचं काम, मग क्वारंटाइनचं. गोबीची ऑर्डर पन्नासाव्या दिवसाच्या सुमाराला द्या, म्हणजे त्याचे तेरा दिवस आणि प्राझिक्वांटेलच्या दोन मात्रा टाकी मोकळी व्हायच्या आत संपतील.